विहिणीच्या पानापुढे अडलेला वाढप्या

मंडळी, ऐका! आधी एक सांगा – दिलेला हुकूम पाळला, म्हणजे काम झालं का हो? माना काय डोलावताय, गोष्ट तर ऐका!

तासगावकडचे दिगंबरराव. लेकीचं लग्न! आणि पंगतीत वाढायला कोण? यंत्र! चाकांवर फिरणारा वाढप्या – नवरीच्या वृंदामावशीनं स्वतः बनवलेला. मन नाही, माया नाही, डोक्यात नुसतं 'असं असेल तर तसं कर'. मावशीनं त्याला नियम दिला – 'नको म्हणेल त्याला वाढू नकोस.' आणि ध्येय दिलं – 'पंगतीतून कुणी उपाशी उठता कामा नये.' सोपं वाटतं ना? वाटतं!

जिलब्या घेऊन स्वारी निघाली आणि थांबली नेमकी विहीणबाईंपुढे! नवऱ्यामुलाची आई, इंदुमतीबाई. पान कोरं, तोंड फिरवलेलं.

"नको."

दिगंबरराव हात जोडून पुढे! विहीण उपाशी उठली, तर लेकीला जन्मभर ऐकावं लागणार! माणसं धावली. "घ्या हो, एकच!" "माझी शपथ आहे!"

"नको म्हटलं ना!"

आणि वाढप्या? जागचा हलेना! वाढावं तर नियम मोडतो, पुढं जावं तर बाई उपाशी! मागं दीडशे पानं खोळंबली. कुणीतरी ओरडलं, "बिघडला! ढकला बाजूला!"

मावशी कडाडली, "हात लावू नका! बिघडला नाही, अडलाय. 'अडलास की मनानं ठरवू नकोस, विचार' – हेही शिकवलंय मी त्याला."

वाढप्या बोलला, "बाई, तुम्ही नको म्हणालात. पण पान रिकामं आहे. भूक लागलीय का?"

सगळ्यांच्या माना विहीणबाईंकडे वळल्या!

"लागलीय तर!" विहीणबाई म्हणाल्या. "काल दाढ काढलीय माझी. जिलबी चावू कशानं? मघापासून आग्रह चाललाय, पण विचारलं का एकानं तरी?"

अहाहा! काय हशा पिकला! गुरगुट्या भात आला, वर तुपाची धार. बाईंनी तीनदा मागून घेतला – गालावर हात धरून हसत! दिगंबररावांचे तर डोळेच भरून आले हो!

मंडळी, नियम आपणही पाळतो. उपास पाळतो, सोवळं पाळतो, आग्रहात तर कुणाला हार जात नाही! पण हे कुणासाठी, कशासाठी, म्हणून कधी अडलो? हसताय? हसा! मीही तीस वर्षं कीर्तन करतोय, मीही नाही अडलो.

आता घरी जाल. सगळ्यांना वाढून शेवटी ती म्हणेल, "मला नाही फारशी भूक." आई असेल, बायको असेल, सून असेल. तिच्यापुढं थांबा. हलू नका. आणि विचारा!