कहाणीला ऐकणारी

जिवतीची कहाणी सांगायची तर ऐकायला कुणीतरी हवंच ना. श्रावणातला शुक्रवार, आणि इथे न्यू जर्सीत घरी मी एकटी. शेवटी शेजारच्या काल्मिक आजींना बोलावलं. त्यांची भाषा मंगोलियनच्या नात्यातली, मराठीचा गंधही नाही. मी इंग्रजीत सांगितलं, “हातात अक्षता धरा आणि मधूनमधून ‘हूं’ म्हणा.” त्यांनी अगदी मनापासून हुंकार दिला.

कहाणी संपली तरी आजी उठेनात. “आता तू अक्षता धर. नातवंडं इंग्रजीच बोलतात. नवरा गेल्यापासून माझ्या भाषेतली गोष्ट कुणी ऐकलेली नाही.”

त्यांच्या गोष्टीतला एकही शब्द मला कळला नाही, पण हुंकार चुकवला नाही.

जाताना त्यांनी विचारलं, “पुढच्या शुक्रवारी तुझी कोणती कहाणी?”

“हीच. श्रावणात दर शुक्रवारी हीच असते.”

“बरं झालं. माझी अजून संपलेली नाही.”