कॅमेऱ्याला निळं दिसत नाही

माझं नाव तक्रारीत मुलाने लिहून दिलं आहे तेच, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर मी वळूनही बघत नाही. गल्लीत मला बटणआजी म्हणतात. वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर. जन्माचा दाखला नाही, आणि ज्यांना माहीत होतं ते साक्षीला येण्यापलीकडे गेले. धंदा, पूर्वी शिंप्यांच्या दुकानांचं काज-बटणाचं काम, हल्ली सुनेच्या कामात खोड काढणे. शिक्षण नाही. राहणार, बंद पडलेल्या छापखान्यामागची गल्ली, जिना चढून दुसरं दार, मुलगा-सुनेजवळ.

मी आज सकाळी अकराच्या सुमारास आपण होऊन ठाण्यात आले. मला कुणी पढवलं नाही, कुणी धमकावलं नाही. गुडघ्यांमुळे जिना उतरायला वेळ लागला, एवढाच काय तो त्रास. लिहिणाऱ्या ताई विचारतील ते आणि न विचारतील तेही समक्ष सांगते, ते असं.

काल माझ्या मुलाने तक्रार दिली की, दातांच्या डॉक्टरांनी माझ्या अडाणीपणाचा फायदा घेऊन एका कागदावर माझा अंगठा घेतला, घरातली एकशे त्रेचाळीस हाताने काढलेली चित्रं नेली, आणि चित्रांतला मजकूरही बदलला. सदर डॉक्टर सकाळपासून समोरच्या बाकावर बसले आहेत. त्यांच्या दवाखान्यातून आणलेला चित्रांचा गठ्ठा टेबलावर आहे. तो मी ओळखला. डॉक्टरांनाही ओळखलं, पण त्यांचा चेहरा दाढ काढायला आलेल्या माणसासारखा झाला आहे.

चित्रांबाबत विचारलं असता सांगते की, माझे यजमान समोरच्या छापखान्यात कॅमेऱ्याच्या खोलीत कामाला होते. कपाटाएवढा कॅमेरा होता. रोजच्या पेपरात तीन चौकटींची गमतीची चित्रपट्टी यायची. एक टकलू, त्याची उंच बायको, आणि त्यांच्याकडे भाड्याने राहणारा बोकड. चित्रकार जाड कागदावर काळ्या शाईने मोठं चित्र काढून पाठवायचा. बोलण्याचे फुगे तो रिकामे ठेवायचा. अक्षर लिहिणारा माणूस वेगळा. तो पातळ चिठ्ठ्यांवर बोलणं लिहायचा आणि डिंकाने फुग्यांत चिकटवायचा. मग आमचे हे त्याचा फोटो घ्यायचे, त्यावरून छापायचा ठोकळा व्हायचा. ठोकळा झाला की कागदाचं काम संपलं. चित्रकाराला ते परत नको होते, छापखान्याला ठेवायला जागा नव्हती. साहेबांना विचारून हे ते घरी आणायचे. चोरी नाही. तसं लिहा.

जाड कागद म्हणून मी ते फळीवर डब्यांखाली घातले. चित्रांवर जे गोल डाग आहेत ते डब्यांच्या गंजाचे आहेत आणि तो गुन्हा माझा.

आमचे हे स्वभावाने अबोल होते. दिवसाला मोजून चार शब्द, त्यातला एक 'हं'. पण संध्याकाळी हातपाय धुतले की त्या दिवशीचं चित्र मांडीवर घेऊन मला वाचून दाखवायचे. एका दिवशी टकलूची उंच बायको म्हणाली, "सकाळी चहात साखर घालायची राहिली, आणि तुम्ही मुकाट्याने प्यायलात?" टकलू म्हणाला, "तू रागात होतीस, म्हटलं साखरेचं नाव काढावं कशाला." बोकड म्हणाला, "मी आहे म्हणून हे घर टिकलंय."

आता त्याच सकाळी आमच्याकडे चहात साखर नव्हती. मी चक्रावले. असं एकदा नाही, कितीदा झालं. गादीवर ओला टॉवेल पडला की संध्याकाळी पट्टीत ओला टॉवेल. मी यांना म्हटलं, "तुमच्या त्या चित्रकाराला सांगा, आमच्या घरात डोकावत जाऊ नकोस म्हणावं." हे म्हणाले, "हं."

शेजारीण पेपर वाचायची. साखरेची पट्टी दुसऱ्या दिवशी पेपरात आली, तेव्हा ती छत्रीच्या कसल्याशा विनोदाला हसली. म्हटलं, "अगं, छत्री नाही, साखर." तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, बिचारीला नीट वाचता येत नाही. एकतीस वर्षं मी तिची कीव केली. ती हयात नाही, नाहीतर जाऊन पाय धरले असते.

यजमान वारून नऊ वर्षं झाली. मी गठ्ठा ट्रंकेत ठेवला होता. मागच्या उन्हाळ्यात उघडून पाहिला तर डिंक वाळून सगळ्या चिठ्ठ्या गळून तळाला पडलेल्या. फुगे रिकामे. माणसं तोंड उघडून गप्प उभी. मला ते बघवेना. सून कामावर, मुलगा कामावर. मी पिठाची खळ शिजवली आणि बसले चिकटवत. वाचता येत नाही तर कोणती चिठ्ठी कुठे हे कसं कळलं, असं ताईंनी विचारलं. त्यावर सांगते की, जन्मभर काज-बटण केलेल्या बाईला हे कोडं नाही. लांब चिठ्ठी लांब फुग्यात, बुटकी बुटक्यात. प्रत्येक चिठ्ठी मापात बसली. एकही सैल नाही. मजकूर बदलला म्हणतात तो असा. बदलणारी मी, डॉक्टर नव्हे.

साडेतीन महिन्यांपूर्वी मुलाने चार जणांना सांगून ठेवलं की जुनी चित्रं विकायची आहेत. त्याचं मन वाईट नाही, हेही लिहा. माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं त्याच्या डोक्यात आहे. त्यावरून एका गुरुवारी दुपारी चार वाजता हे डॉक्टर आले. दवाखाना त्यांनी मुलीकडे सोपवला आहे आणि ज्या खणांत लोकांच्या कवळ्यांचे साचे असायचे त्यांत आता पेपरांतली मूळ चित्रं ठेवतात. हातात पांढरे मोजे घालून कागद असा उचलतात की कागदाला कळू नये.

मी विचारलं, "पेपरात छापलेलं फुकट मिळतं, हे कशाला जमवता?"

ते म्हणाले, "मावशी, छापलेलं म्हणजे नुसता वर दिसणारा दात. हे मुळासकट आहे. हे बघा, इथे चित्रकाराचा हात चुकला, पांढरा रंग लावून झाकलंय. इथे बोकडाचं शिंग तीनदा खोडलंय. हे कुणाला दिसणार नाही अशा भरवशावर केलेलं काम आहे."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही लोकांच्या चुका जमवता. मग आमच्या घरी बराच माल आहे."

ते हसले. मग पहिलं चित्र वाचायला घेतलं आणि वाचता वाचता थांबले. "मावशी, इथे बोकड म्हणतोय, 'मी माहेरी चालले.'"

"आणि बायको?"

"बायको म्हणतेय, 'आज मी फक्त पुठ्ठा खाल्ला.'"

त्या दिवशी आम्ही दोघं इतकं हसलो की सून स्वयंपाकघरातून बघून गेली. डॉक्टर म्हणाले, हवं तर चिठ्ठ्या जागच्या जागी लावून देतो. मी म्हटलं, राहू द्या, बोकडालाही माहेर असेल. त्यांनी एका चिठ्ठीलाही हात लावलेला नाही. खळ माझी आहे. खात्री करायची असल्यास नख लावून पाहावं, डिंक असा पांढरा सुटत नाही.

मग त्यांनी भिंग काढलं. म्हणाले, "खाली फिक्या निळ्या पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय."

मी म्हटलं, "खुणा असतील. निळं कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून खुणा निळ्याने करतात. आमचे हे सांगायचे."

"खुणा नाहीत. वाक्यं आहेत." आणि त्यांनी वाचलं, "सकाळी चहात साखर घालायची राहिली..."

पुढचं मी म्हटलं. "आणि तुम्ही मुकाट्याने प्यायलात."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. त्यांच्या चष्म्यावर काही नव्हतं.

एकूण प्रकार असा निघाला की, चित्रकाराचं खरं बोलणं यांनी मला एक दिवसही वाचून दाखवलं नाही. सकाळी घरात जे व्हायचं ते डोक्यात घेऊन हे कामावर जायचे, आणि फोटो काढायच्या आधी की नंतर ते देव जाणे, चित्राखाली निळ्याने आपलं बोलणं लिहून ठेवायचे. संध्याकाळी तेच वाचायचे. परत फोटो काढायची पाळी आली असती तरी कुणाला दिसलं नसतं. एकशे त्रेचाळीसही कागदांवर निळं आहे. एकही सुटलेला नाही. सरळ तोंडाने का नाही बोलले, असं ताईंनी विचारलं. त्यावर सांगते की, टकलूच्या तोंडाने त्यांना बरं बोलता यायचं.

तेव्हापासून डॉक्टर दर गुरुवारी चार वाजता येऊन मला निळं वाचून दाखवतात. गुरुवारी चार किंवा पाच कागद, जास्त नाही. जास्त मीच वाचू देत नाही. आजवर छपन्न झाले. चहा त्यांना बिनसाखरेचा लागतो, याचा या जबाबाशी संबंध नाही.

गेल्या मंगळवारी मुलगा एका दलालाला घेऊन आला. दलालाने कागद उजेडात धरले आणि म्हणाला, डाग चालतील, पण ही निळी घाण खोडरबराने काढून टाका, साफ मालाला गिऱ्हाईक चांगलं. मुलगा म्हणाला, रविवारी बसून खोडून टाकतो. त्याने ते वाचलेलं नव्हतं. फिकं आहे, उजेडाशिवाय दिसत नाही, आणि त्याला वेळ कुठे. मी त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. का नाही, ते मला सांगता येत नाही. नवरा-बायकोचं बोलणं होतं. सरळ न बोलणं हे आमच्या घरात एकट्या त्यांचंच वैगुण्य नव्हतं एवढं लिहा.

म्हणून बुधवारी मुलगा कामावर गेल्यावर खालच्या औषधवाल्याच्या फोनवरून मी डॉक्टरांना बोलावलं आणि गठ्ठा त्यांच्या हवाली केला. विकला नाही, दिला नाही, सांभाळायला ठेवला. अंगठ्याचा कागद डॉक्टरांनीच आग्रहाने केला. म्हणाले, "मावशी, उद्या कुणी विचारलं तर?" मी म्हटलं, "कोण विचारणार?" त्यात ते खरे ठरले. त्या कागदावर लिहिलं आहे की चित्रं बटणआजींची आहेत आणि त्यांवर कुणीही खोडरबर लावू नये. तो कागद मी आधी डॉक्टरांकडून आणि मग औषधवाल्याकडून वाचून घेतला. एकतीस वर्षं फसलेली बाई आता सगळं दोनदा वाचून घेते. दोघांचं वाचन जुळलं, तेव्हाच अंगठा दिला. त्यामुळे अडाणीपणाचा फायदा घेतला हे खोटं आहे. तो फायदा घेणारा एकच माणूस होता आणि त्याच्यावर मला फिर्याद करायची नाही.

हा जबाब चालू असताना मुलगा मागोमाग आला. मला बघून म्हणाला, "आई, तू जिना एकटी उतरलीस?" मी म्हटलं, "जिना तोच होता, फक्त उलटा." तो ठाण्याच्या साहेबांना सांगू लागला की आईला कळत नाही, चित्रं माझ्या ताब्यात द्या. ताई तेव्हा यादी करण्यासाठी गठ्ठा सोडून एकेक कागद खिडकीपाशी धरत होत्या. मी म्हटलं, "बाळ, तो वरचा घे. खाली बघ, चित्राखाली."

तो म्हणाला, "हे कुणाचं अक्षर?"

मी सांगायच्या आत त्याने ओळखलं.

तो कोणता कागद होता ते मला माहीत नव्हतं, त्याने मोठ्याने वाचला म्हणून कळलं. टकलू: "पोरगं आज चाललं." बायको: "किती पावलं?" बोकड: "साडेतीन. अर्धं माझ्या अंगावर." हा कागद अजून गुरुवारच्या वाचनात आला नव्हता, पण मला पाठ होता. मुलगा त्यानंतर बाकावर डॉक्टरांशेजारी जाऊन बसला. डॉक्टरांनी खिशातून भिंग काढून त्याला दिलं. हे सांगते आहे तेव्हा मुलगा अकराव्या कागदावर आहे.

माझी डॉक्टरांविरुद्ध तक्रार नाही. त्यांना घरी जाऊ द्यावं, ते बिनजेवणाचे आहेत. चित्रं कुणाच्या ताब्यात द्यायची ते साहेबांनी ठरवावं, पण जो कुणी ती घेईल त्याच्या घरात खोडरबर नसावं. माझे सत्त्याऐंशी ऐकायचे राहिले आहेत. आजचा मुलाने वाचला तो धरून शहाऐंशी. बाकीचे तो मनात वाचतो आहे, ते मी धरत नाही. गुडघ्यांचं म्हणाल तर ते मला खुर्चीपर्यंत नेतात, आणि वाचणारा तिथे येतो.

वरील जबाब लिहिणाऱ्या ताईंनी मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. माझ्या रिवाजाप्रमाणे मी तो दुसऱ्यांदा मुलाकडून वाचून घेतला. दोन्ही वाचनं जुळली, फक्त मुलाच्या वाचनात शेवटी "गुरुवारी चार वाजता मीही बसेन, आई" असं एक वाक्य आलं. ते ताईंच्या वाचनात नव्हतं. कागदावर बोट ठेवून दाखव म्हटलं तर त्याला दाखवता आलं नाही. वळण बापाचं आहे. माझ्या सांगण्यावरून ताईंनी ते आता इथे लिहून घेतलं आहे, म्हणजे आता सगळं जुळतं आणि जबाब बरोबर आहे.

डाव्या हाताचा अंगठा.