पाहुण्याले माता आली

ऊन म्हणजे काय ऊन होतं जी त्या दिवशी! आमच्या कुडवा गावच्या रस्त्याचं डांबर चपलेले धरून राहिलं होतं, कावळा नळाच्या तोटीखाली चोच उघडून बसला होता अन् तोटीतून नुसती हवा येत होती, आभाळ कसं तं राखेसारखं पांढरं… अन् अशा टायमाले लाइट गेली. जाते का नाही? जातेच! बरं, माझं काय, मी ओला गमछा डोक्यावर टाकून पडलो असतो. पण घरात पाहुणा होता ना! पाहुण्याचं पाणी तापून राहिलं होतं!

तुम्हाले सांगतो, पाहुणा म्हणजे मासा. हसू नका. तळ्यातला नाही, समुद्रातला. निळाशार अंग, पिवळी शेपटी, अन् तोंड असं की जसं लग्नात मान मिळाला नाही म्हणून रुसून बसला. माझा पोरगा योगराज, त्याचा हा शौक. मोठी काचपेटी आणली, समुद्राचं मीठ पुड्यात विकत येते म्हणे, ते कालवलं, अन् समुद्र तयार! मी आजवर समुद्र पाहिला नाही, समुद्रच घरी आला. अन् मंग पोराले हैदराबादले नोकरी लागली. तो गेला, सून गेली, गाद्या गेल्या, मिक्सर गेला… पेटी काही गाडीत बसेना. "बाबा, पेटीजवळ तुम्ही आहा ना?" होय बा, मी आहो. मीबी गाडीत बसलो नव्हतो ना!

आता मी बोदलकशाच्या तळ्यावरचा ढिवर. जन्मभर जाळं टाकलं, मासे धरले, विकले, रस्सा करून खाल्ले. माशाले खायले घालायचं असते, हे मले म्हातारपणी समजलं! पण घालतो बापा. कारण संध्याकाळी फोन येते. योगराज म्हणते, "बाबा, मासा दाखवा." मी फोन काचेकडे करतो. तो म्हणते, "वा, वा." माझं तोंड काही त्या फोनात येत नाही, मासाच येते. पण आवाज तं माझ्याच कानात येते ना पोराचा! म्हणून म्हणतो, मासा जगला पाहिजे. मासा मेला तं फोन कायले करीन तो? काय पाहाले करीन? हा एकच घोर मले… अन् सांगू तं सांगू कोणाले?

तं लाइट संध्याकाळी आली. सकाळी पाहतो तं काय, पाहुण्याच्या अंगावर पांढरे दाणे! रवा शिंपडल्यावाणी! अंग दगडाले घासून राहिला, कल्ले भरभर हलवून राहिला, खायले नाही म्हणते. गोंदियाच्या बाजारात भुपेंद्रची मासोळ्यायची दुकान आहे, पाळायच्या मासोळ्यायची, त्याले फोन लावला. तो बोलते हिंदीत, अन् बोलते असा की जसं आगगाडी सुटून राहिली: "चाचाजी, परजीवी है, परजीवी! छूत की बीमारी! फौरन अलग टब में निकालो! बाहर का हाथ मत लगने दो! हाथ धो के काम करो! हल्ला मत करो, डर जाएगा! दाने फूट के गिरेंगे, फिर और आएंगे!"

आता तुम्हीच सांगा. अंगावर दाणे. लागट. वेगळं ठेवा. हात धुवा. गोंगाट करू नका. याले आपल्यात काय म्हणतेत? भुपेंद्र परजीवी म्हणते तं म्हणो, तो शिकला आहे. मी ओळखलं. पाहुण्याले माता आली! तुमच्या कांजिण्या, आमची देवी!

मंग काय, माता म्हटल्यावर सारं रीतीनं झालं पाहिजे. टब आणला, नवा, मिठाचं पाणी केलं, हवेचं यंत्र लावलं, लपायले पाइपाचा तुकडा टाकला. दगड नाही, शिंपला नाही, भुपेंद्रनं मनाच केली, ते औषध पिऊन टाकतेत म्हणे. निंबाचा पाला पाण्यात टाकतो म्हटलं तं फोनातूनच बोंबलला, "नीम नहीं चाचाजी, नीम नहीं! मर जाएगा!" बरं, पाण्यात नाही. टबाच्या काठाले बांधला. दाराले बांधला. फाटकाले तं चांगली फांदीच बांधली. घरात फोडणी बंद. तेल बंद. दाढी बंद. अन् मासोळी खाणं बंद! ढिवराच्या पोरानं मासोळी सोडली, ते बी एका मासोळीसाठी! बोदलकशाले ही गोष्ट समजली असती तं तळ्याचं पाणी हासलं असतं… पण सांगू तं सांगू कोणाले?

औषध तांब्याचं. त्याची वेगळीच पंचाईत. नळीत टबाचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पाणी निळं होते, अन् ते निळं कागदावरच्या निळ्याशी जुळवायचं. फिकं पडलं तं किडा मरत नाही, गडद झालं तं मासाच मरते. माझे डोळे हे असे! मले सारंच निळं दिसते! रोज नळी घेऊन अंगणात उन्हात उभा राहो, एक डोळा मिटून, नळी आभाळाकडे धरून… रस्त्यानं जाणारी बायामाणसं थांबत, हात जोडत अन् खाली मान घालून चालली जात. मीबी नळी धरल्याधरल्या मान हलवो. म्हटलं, कुडव्याची माणसं मोठी अदबीची, उगाच नावं ठेवतेत लोकं.

अन् ती मोठी पेटी? ती रिकामी. भुपेंद्र म्हणते, त्यात एकही मासा नको, अमावस्या जाईन, दुसरी जाईन, तरी नको. पाण्यात किडा आहे, त्याले बसाले अंग नाही भेटलं की तो आपोआप मरते. म्हणजे पाहा, घरात कोणी नसलं की किडाही जगत नाही म्हणते तो! मी रोज त्या रिकाम्या पेटीचा दिवा लावो, समोर खुर्ची टाकून बसो, अन् विचार करो, मंग मी कसा जगून राहिलो? विचारायची लई इच्छा होती… पण भुपेंद्रले गिऱ्हाईक होतं.

पण एक सांगतो, खोटं कायले बोलू, ते दिवस चांगले होते. योगराजचा फोन सकाळी येई, दुपारच्या सुट्टीत येई, जेवताना येई. "बाबा, खाल्लं का?" मी म्हणो, "भाकर खाल्ली, चटणी होती." तो म्हणे, "तुम्ही नाही हो बाबा, माशानं!" बरं, माशानं. पण विचारलं तं ना!

अन् एका दुपारी पुन्हा लाइट गेली. हवेचं यंत्र बंद. पाहुणा वरतं आला, तोंड उघडझाक, उघडझाक… मंग एका कुशीवर कलंडला. फोन लावला, भुपेंद्र उचलत नाही. योगराजचा बंद, मीटिंग म्हणे. मी लोटा घेतला. पाणी भरायचं, उंचावरून टबात सोडायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा सोडायचं… पाण्यात हवा तं गेली पाहिजे ना! हात भरून आले, घाम टबात पडू नये म्हणून तोंड फिरवून वतो, अन् त्याच्याशी बोलतो. काय बोललो? सारंच बोललो. योगराजची माय गेली तो दिवस सांगितला. तळ्यावरची झोपडी सांगितली. इतकं बोललो, इतकं तं मी योगराजशी उभ्या जन्मात बोललो नसन. अन् तो आपला एका डोळ्यानं पाहून राहिला. अर्धा मेलेला, पण ऐकत होता हो! ऊन कललं तेव्हा लाइट आली, यंत्र गुरगुरलं, अन् पाहुणा हळूच सरळ झाला, पाइपात जाऊन बसला. मी तिथंच भिंतीले टेकलो. म्हटलं, वाचला… वाचला रे बापा! अन् सांगू तं सांगू कोणाले? उठून फाटकाशी गेलो. तिथं खांबावर दहीभाताची वाटी झाकून ठेवली होती.

हां, ते राहिलंच सांगायचं. समोर देवकाबाई राहते. एरवी तिची माझी ओळख म्हणजे तिची कोंबडी माझ्या अंगणात अन् माझा हाकारा तिच्या. पण त्या दिवसायत रोज कोणीतरी खांबावर वाटी ठेवून जाई. कधी दहीभात, कधी ताक, कधी गार आंबील. मी पडद्याआडून पाहिलं, देवकाबाईच! वाटी ठेवते, दाराकडे पाहून हात जोडते, कपाळ खांबाले टेकवते, पाय न वाजवता जाते. माझ्या डोळ्यात पाणी आलं. म्हटलं, पाहा, माणूस एकटा आहे हे लोकाईले समजते.

तं पाहुणा बरा झाला. दाणे गेले, अंग लखलख झालं, खायले लागला, रुसवा मात्र तसाच. अमावस्या सरल्या, त्याले परत पेटीत सोडला. योगराजले दाखवला. तो खुश! म्हणते, "बाबा, कमाल केली! आता काही टेन्शन नाही. आता रोज कायले दाखवता, रविवारी दाखवत जा." मी म्हटलं, "होय बा." फोन ठेवला, चष्मा लावला अन् पेटीसमोर बसलो. त्याच्या अंगावर एखादा दाणा राहिला का, पाहत होतो. एखादा… लहानसा… नव्हता.

मंग निंब उतरवलं. दाराचं, फाटकाचं. दुसऱ्या दिवशी खांबावर वाटी नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मी तिच्या धुतलेल्या वाट्या घेऊन रस्ता ओलांडून गेलो. देवकाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मले पाहिलं अन् पदर सावरून उभीच राहिली. "बरे झाले जी भाऊ? डाग बी नाही राहिला एक! मोठी माय दयाळू आहे."

मी म्हटलं, "मले काय झालं होतं?"

"माता नाही का आली होती तुम्हाले? निंब होतं ना दाराले!"

तवा मले समजलं, सारं कुडवा कोणाले हात जोडत होतं. म्हटलं, "बाई, माता मले नाही… माशाले आली होती." अन् सारं सांगितलं, पेटी, टब, नळी, लोटा. ती ऐकत राहिली. हातातलं सूप खाली ठेवलं. मंग वाट्या माझ्या हातून घेतल्या, मोजल्याही नाही, अन् म्हणाली, "बरं केलं भाऊ, आधी नाही सांगितलं. नुसत्या तुमच्यासाठी मी काही आली नसती."