माझी टोपली धरलीत का?

…आणि वर मलाच विचारतात, कांदे तिथे टांगले कुणी? अहो, अकरा वर्षं मीच टांगतेय, कोलकात्यात बालीगंजच्या या घरात आल्यापासून. मागच्या गॅलरीत छपराला आधार देणारा लाकडी त्रिकोण आहे ना, कैची म्हणतात तिला, तिच्या खालच्या दांडीला मधोमध हूक आहे, तिथे माझी कांदेबटाट्यांची टोपली. पण तुम्हाला सांगते, आमचे हे पडले पुलांचे इंजिनिअर…

त्या संध्याकाळी वीज गेली म्हणून बापलेक गॅलरीत बसलेले. लीनाची परीक्षा जवळ आलेली. हे वर बोट करून शिकवतायत, "खालच्या दोन दांड्या एका रेषेत, तिसरी वरून येऊन त्यांना मिळते, सांध्यावर भार नाही. मग तिसरीत बल किती? शून्य." म्हणजे आमच्याकडे हे आणि सासूबाई एका रेषेत आणि तिसरी मी, तसंच की. मी आतून विचारलं, "माझी टोपली धरलीत का?" तर म्हणे, "सरोज, हे शास्त्र आहे. टोपली आकृतीत नाही." डोक्यावर लटकतेय, पण आकृतीत नाही!

लीनाचं मराठी इथलंच. "बाबा, तो दांडी काढला तर छप्पर पडेल ना?"

"थांब, दाखवतोच." टोपली उतरवून माझ्या हातात दिली, स्टुलावर चढले, बोल्ट काढले, ती तिसरी, उभी दांडी खाली. छप्पर जागच्या जागी. सासूबाई म्हणाल्या, "श्यामकांता, लहानपणापासून हुशार हो तू."

मी विचारलं, "टोपली कुठे ठेवू?"

"कुठेही ठेव गं, तिचा इथे संबंध काय?"

कुठेही ना? मी तिच्या जागी टांगली. खाली आरामखुर्चीत हे, हातात चहा… आणि खालच्या दांडीचे दोन तुकडे मधोमध जोडलेले, ते जोडापाशी कट्कन वाकले, पाच किलो कांदेबटाटे यांच्या मांडीवर!

सकाळी सुतार मिस्त्री आला. वर बघून म्हणतो, "बौदी," म्हणजे वहिनी, "ये लकड़ी कौन खोला? बच्चा लोग?" मी म्हटलं, "हां. बावन साल का बच्चा." यांचा पेपर आणखी वर सरकला.

दांडी बसली, पण मी काही सोडलं नाही. म्हटलं, आकृती पुन्हा काढा, माझ्यासमोर, टोपलीसकट, तोवर चहा नाही. काढली बाई! खाली बाण, बाणाशी लिहिलं, पाच किलो. उभ्या दांडीत बल, पाच किलो. लीना म्हणाली, "म्हणजे आई बरोबर होती?" तर म्हणे, "तसं नाही, गृहीतक बदललं."

बदलेना का. आकृती स्वयंपाकघरात भिंतीवर लावलीय मी. पण आता भज्यांसाठी कांदे काढायला मी स्टुलावर चढले, की आतून हाक येते, "सरोज, थांब, किती काढलेस? उत्तर बदलतं." मी सांगते, दोन. आणि हातात कांदे घेऊन उभी राहते, यांचं गणित होईपर्यंत. तिकडे कढईतून धूर निघतो… निघू दे. टोपली धरलीय ना आता.