कुत्रेबागेचं तिकीट

चांदूर बाजारहून अचलपूरला जाणाऱ्या एसटीत माझ्या मागच्या बाकावर दोन भाजीवाल्या बसल्या होत्या.

"सत्यभामे, कुठं उतरतं वं?"

"कुत्र्यायच्या बागेपाशी."

"हे काय नवीन?"

"अवं तानुबाई, कुत्रे धरनारी गाडी आली का गल्लीतले कुत्रे माह्या भाजीच्या पाटीमागं लपत. मंग आमच्या ह्यायनं कोटाच्या भिंतीजवळच्या पडीत जागेले कुंपन घातलं, पान्याचं टाकं बांधलं."

"झ्याक केलं! नाव काय ठेवलं?"

"तोच त वांधा हाय. ह्यायचंच ठेवलं."

"जित्त्या मानसाचं?"

"कुत्र्यायच्या बागेले आपल्या बापाचं नाव द्याले कोनीच तयार नव्हतं. हे मने, माह्यं द्या."

"मंग तुले कायचा वांधा?"

"नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घेऊ? आता थांब्यालेबी तेच नाव देलं!"

"बोला माय, कुठचं तिकीट?" कंडक्टर आला.

"कोटाजवळचं."

"कोटाजवळ तीन थांबे हायेत. नाव सांगा."

"ज्यायनं कुत्र्यायची बाग केली, त्यायचं."

"कोनं केली?"

"आता त उखानाच घ्या लागते, सत्यभामे!"

मागं सत्यभामेच्या बांगड्या वाजल्या आणि उखाणा आला,

"मेथीची जुडी बांधली केळीच्या दोऱ्यानं,
देवीदासरावांच्या बागेचं तिकीट मांगते तोऱ्यानं."

सगळी गाडी हसली. पुढच्या बाकावरून एक म्हातारा ओरडला, "अरे, आमची दोन्ही तिकिटं मी चढतानाच काढली ना!"

"मालूम हाय, देवीदासबुवा," कंडक्टर म्हणाला. " मले आयकाचं होतं."