बाबांनी गाडी रवाना केली

सासऱ्यांबरोबर पुन्हा ट्रेनने जायचं नाही, कानाला खडा लावलाय यार मी! बाबा म्हणजे भुसावळजवळचे रिटायर्ड स्टेशनमास्तर. त्यांना न्यूयॉर्क दाखवायला निघालो. आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या गावाला दिवसातून एकच गाडी, आणि स्टेशनवर स्टाफ म्हणून कुणीच नाही.

"स्टेशनवर माणूस नाही म्हणजे काय?" म्हणत बाबा स्वतःच ड्यूटीवर लागले. गाडी दोन तास लेट होती. तेवढ्यात त्यांनी चार अमेरिकन आज्यांना रांगेत उभं केलं, एकाला सायकलसकट पिवळ्या रेघेमागे पाठवलं.

गाडी आली. दोन बॅगा आणि दशम्यांचा डबा घेऊन मी चढलो.

"बाबा, चला!"

"तुम्ही बसा, मी बघतो."

शेवटची आजी चढली, तसा बाबांनी ऐटीत हात वर केला. कंडक्टरला वाटलं, हा स्टेशनचाच माणूस. दार लागलं, गाडी सुटली. मी आत, बाबा प्लॅटफॉर्मवर, मान ताठ!

फोनवर ओरडलोच मी, "बाबा, तुम्ही चढला का नाहीत?"

"अहो, गाडी आधीच दोन तास लेट. माझ्या एकट्यासाठी अजून थांबवायची का?"