कोल्ड स्टोरेजमध्ये तपासलेली कानटोपी

बसच्या रांगेत नर्सबाईंचा उकाड्याने जीव चालला होता, आणि पुढचे म्हातारेबुवा चक्क लोकरीचा स्वेटर छातीशी धरून उभे! परदेशी निघालेल्या लेकीला ते पोहोचवायला आले होते. नर्सबाईंनी कान टवकारले.

“बाबा, आईने विणलेला स्वेटर तिकडच्या बर्फात नाही पुरायचा.”

“पुरतो. मी बघितलंय.”

“तुम्ही कुठे बर्फात गेला होतात?”

“मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. तिथला पहारेकरी आपला दोस्त. हा घालून अर्धा तास आत बसलो.”

“या वयात? आणि आईने जाऊ दिलं?”

“तीच घेऊन गेली. दाराबाहेर घड्याळ बघत उभी होती.”

“धन्य आहात दोघंही! मग, वाजली थंडी?”

“अंगाला नाही. कान मात्र बधिर झाले. म्हणून तर तिने ही कानटोपी विणली.”

“थांबा, बाबा. आईला भर उन्हाळ्यात एवढी सर्दी कशी झाली?”

“अगं, कानटोपी कोणीतरी तपासायला नको का?”

“...द्या ती इकडे.”

“आत्ता? या उन्हात? वेडी की काय!”

“फोन लावा आईला. म्हणावं, घातलीय.”